दार खुले, वाट अर्धवट : अमेरिकी कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थी-यशाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांची असोशिएट पदवी किंवा त्याहून लहान व्यावसायिक प्रमाणपत्रे देणारे, तुलनेने कमी शुल्काचे सार्वजनिक महाविद्यालय. तेथे प्रवेशासाठी गुणवत्ता यादी लागत नाही. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या कोणालाही आत घेतले जाते, म्हणून नोकरी सांभाळून शिकणारे, लहान मुले असलेले पालक, नुकतेच स्थलांतरित झालेले आणि कुटुंबातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारे विद्यार्थी तेथे मोठ्या संख्येने दिसतात. यांपैकी बहुतेकांच्या हाती पदवी का पडत नाही, हा प्रश्न धोरणाच्या केंद्रस्थानी यायला जवळपास शंभर वर्षे लागली. त्या विलंबाची कारणे संस्थेच्या जन्मकथेतच आहेत.

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली पहिले सार्वजनिक ‘ज्युनिअर कॉलेज’ सुरू झाले, तेव्हा त्यात सहा विद्यार्थी होते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि स्थानिक माध्यमिक शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ते उभे केले. पदवीची पहिली दोन वर्षे गावातच शिकवावीत, म्हणजे विद्यापीठाला वरच्या अभ्यासावर लक्ष देता येईल, असा हार्पर यांचा विचार होता. पुढे माजी सैनिकांना शिक्षणासाठी मदत देणाऱ्या १९४४ च्या ‘जीआय बिल’ या कायद्यामुळे युद्धावरून परतलेले सैनिक महाविद्यालयांत आले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने सर्वांना परवडेल अशा ‘कम्युनिटी कॉलेजां’चे जाळे विणण्याची शिफारस केली आणि हे नाव रूढ झाले. १९६० च्या दशकात चारशेहून अधिक नवी महाविद्यालये उघडली. १९७२ साली सुरू झालेल्या आणि पुढे सेनेटर पेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय अनुदानामुळे गरीब विद्यार्थ्याच्या शुल्काचा मोठा भार हलका झाला. या सगळ्या काळात यशाचे मोजमाप एकच होते : किती जण आत आले.

आत आलेल्यांचे पुढे काय होते, हे १९६० सालीच एका समाजशास्त्रज्ञाने दाखवले होते. बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील महाविद्यालयाच्या अभ्यासातून मांडले की विद्यापीठात जाण्याची इच्छा धरून आलेल्या विद्यार्थ्यांची उमेद वर्गाची पातळी ठरवणाऱ्या चाचण्या, रेमेडियल म्हणजे कच्च्या विद्यार्थ्यांसाठीचे पूर्वतयारीचे वर्ग आणि समुपदेशकाचे सल्ले यांच्या मार्गाने हळूहळू थंड केली जाते, आणि अपयश स्वतःचेच आहे असे विद्यार्थ्याला वाटू लागते. पुढे १९७५ मध्ये व्हिन्सेंट टिंटो यांनी गळतीचा संबंध विद्यार्थी महाविद्यालयाच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती मिसळतो याच्याशी जोडला. त्या सिद्धान्तामागे वसतिगृहात राहणारा तरुण विद्यार्थी होता. वर्ग सुटताच कामावर धावणाऱ्या विद्यार्थ्याला तो बेताचाच लागू पडत होता.

१९९० च्या एका केंद्रीय कायद्याने चित्र बदलले. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जाहीर करणे बंधनकारक झाले. मोजणीची पद्धत सदोष होती. प्रथमच प्रवेश घेणारे पूर्णवेळ विद्यार्थीच तीत धरले जात, तर कम्युनिटी कॉलेजांतील बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ असतात. असोशिएट पदवी न घेता थेट विद्यापीठात गेलेला विद्यार्थीही पदवीधरांत मोजला जात नसे. तरीही दोन वर्षांच्या पदवीसाठी तीन वर्षे धरूनसुद्धा पाचांतील एखादाच यशस्वी होतो, हे राष्ट्रीय आकड्यांतून दिसू लागल्यावर डोळेझाक करणे अवघड झाले.

यानंतर या प्रश्नावर सलग संशोधन करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये १९९६ साली कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर स्थापन झाले आणि अर्थशास्त्रज्ञ थॉमस बेली यांनी त्याचे नेतृत्व केले. २००४ मध्ये शिक्षणाला निधी देणाऱ्या लुमिना फाउंडेशनच्या पुढाकाराने ‘अचीव्हिंग द ड्रीम’ हा उपक्रम सुरू झाला. महाविद्यालयांनी आपल्याच विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासाव्यात, गळती कुठे होते ते शोधावे आणि तेथे उपाय करावेत, अशी त्याची रीत होती. सुरुवातीच्या २६ महाविद्यालयांचे मूल्यमापन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. नोंदी पाहण्याची सवय लागली होती, मात्र विद्यार्थ्यांच्या सरासरी निकालात फारसा फरक पडला नव्हता, कारण बहुतेक उपाय मूठभर विद्यार्थ्यांपर्यंतच पोहोचले होते. निधी देणाऱ्यांनी हा निकाल दडवला नाही. माझ्या मते या क्षेत्राची पुढची प्रगती त्या प्रामाणिकपणामुळेच शक्य झाली.

नोंदींनी दाखवलेली सर्वांत मोठी गळती रेमेडियल वर्गांत होती. आपल्याकडे एखाद्या विषयात नापास झालेल्याला एटीकेटीच्या आधारे पुढच्या वर्षात जाता येते. अमेरिकेत मात्र प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या चाचणीत गुण कमी पडले, तर श्रेयांक न देणारे एक, दोन किंवा तीन टप्पे पूर्ण केल्याशिवाय महाविद्यालयीन गणिताला हातच लावता येत नसे, आणि त्या वर्गांचेही शुल्क भरावे लागे. समजा, १०० विद्यार्थी महाविद्यालयीन गणिताच्या तीन टप्पे खालच्या वर्गात बसले आणि प्रत्येक टप्प्यावर ८० टक्के उत्तीर्ण झाले, तसेच उत्तीर्ण झालेल्यांपैकी ८० टक्क्यांनी पुढच्या टप्प्यात नाव नोंदवले. प्रत्येक वर्गाचा निकाल शिक्षकाला समाधान वाटावे असा आहे, आणि तरीही महाविद्यालयीन गणित उत्तीर्ण होईपर्यंत त्यातले केवळ २१ उरतात. प्रत्यक्ष स्थिती याहून वाईट होती. बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रेमेडियल वर्ग सुचवलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी त्यांत नावच घातले नव्हते, आणि गणिताच्या सर्वांत खालच्या पातळीवर पाठवलेल्यांपैकी १७ टक्क्यांनीच ती साखळी पूर्ण केली होती. २०१२ मध्ये ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली : मुळात चाचणीच अनेकांना चुकीच्या वर्गात बसवत होती, आणि शाळेतील गुणांची सरासरी तिच्याहून अधिक विश्वासार्ह ठरत होती. अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला आधार द्यायला निघालेली व्यवस्थाच त्याची वाट अडवत होती.

पर्यायाची सुरुवात वर्गातून झाली. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये पीटर ॲडम्स यांनी २००७ पासून कमी गुणांच्या विद्यार्थ्यांना थेट महाविद्यालयीन इंग्रजीच्या वर्गात बसवून, त्याच सत्रात त्याच शिक्षकाकडून जादा तासिका देण्याची पद्धत राबवली. तिच्यातूनच ‘कोरिक्विझिट’ म्हणजे सोबतीच्या वर्गाची कल्पना देशभर गेली. टेनेसीने २०१५ मध्ये ती राज्यभर लागू केली, तेव्हा पहिल्या वर्षात महाविद्यालयीन गणित उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांपर्यंत गेले. फ्लोरिडाने २०१३ च्या कायद्याने बहुतेकांसाठी रेमेडियल वर्ग ऐच्छिक केले. कॅलिफोर्नियाच्या २०१७ च्या कायद्याने शालेय गुण विचारात घेणे सक्तीचे केले. मात्र टेनेसीच्याच नोंदींवर पुढे झालेल्या अधिक काटेकोर अभ्यासात गणिताच्या निकालातील लाभ टिकून दिसला, तरी महाविद्यालयात टिकून राहणे आणि पदवी पूर्ण करणे यांत ठळक वाढ आढळली नाही. एक अडथळा दूर झाला, पण पुढचे होते तसेच राहिले.

म्हणून न्यूयॉर्क शहर विद्यापीठाच्या ‘असॅप’ या कार्यक्रमाला या इतिहासात वेगळे स्थान आहे. तो २००७ मध्ये सुरू झाला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि रेमेडियल वर्ग लांबणीवर टाकायचे नाहीत, एवढी अट होती. त्याच्या बदल्यात शिष्यवृत्तीपलीकडे उरणारे शुल्क माफ होई, पाठ्यपुस्तके मिळत, आणि समुपदेशकाच्या भेटीसारख्या अटी पाळल्या की दरमहा भुयारी रेल्वेचे आणि बसचे मेट्रोकार्ड हाती पडे. ज्या विद्यार्थ्याला कॉलेजला जायचे की कामाच्या ठिकाणी, हे प्रवासखर्चावरून ठरवावे लागते, त्याच्यासाठी ते कार्ड फार मोलाचे होते. त्याच्या निमित्ताने समुपदेशकाची भेट टळत नसे. एका समुपदेशकाकडे सुरुवातीला साधारण ६० ते ८० विद्यार्थी असत. नेहमीच्या व्यवस्थेत हीच संख्या सहाशे ते दीड हजारांपर्यंत जाई.

एमडीआरसी या संशोधन संस्थेने तीन महाविद्यालयांतील ८९६ विद्यार्थ्यांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करून तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत कार्यक्रमातील ४० टक्के विद्यार्थ्यांनी पदवी मिळवली, तर इतरांपैकी २२ टक्क्यांनी. ओहायोतील तीन महाविद्यालयांत हाच आराखडा राबवल्यावर हे प्रमाण ३५ विरुद्ध १९ टक्के असे आले, त्यामुळे हे यश केवळ न्यूयॉर्कपुरते आहे असे म्हणायला जागा उरली नाही. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, परंतु पदवीधर इतके वाढले की प्रत्येक पदवीमागचा खर्च उलट कमी झाला. अर्थसंकल्प मात्र पटावरच्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर बेतला जातो, आणि या महाविद्यालयांच्या वाट्याला दर विद्यार्थ्यामागे विद्यापीठांपेक्षा कमी पैसा येतो. शास्त्रीय पुरावा इतका भक्कम असूनही हा आराखडा देशभर का पसरला नाही, याचे मुख्य उत्तर मला येथेच दिसते.

कमी खर्चात सर्वांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न ‘गाइडेड पाथवेज’ने केला. बेली, शॅना जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांनी २०१५ मध्ये तो सविस्तर मांडला. शेकडो सुट्या अभ्यासक्रमांतून विद्यार्थ्याने एकट्याने निवड करण्याऐवजी पदवीपर्यंतची सत्रनिहाय वाट आखून द्यावी, हे त्याचे सूत्र. त्याच सुमारास टेनेसीत शुल्कमाफीची योजना सुरू झाली आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ती देशभर नेण्याचा प्रस्ताव मांडला, पण काँग्रेसची म्हणजे अमेरिकी संसदेची मंजुरी त्याला मिळाली नाही. सॅरा गोल्डरिक-रॅब यांच्या अभ्यासांनी विद्यार्थ्यांची उपासमार आणि घरांची असुरक्षितता चव्हाट्यावर आणली.

विद्यापीठात जाण्याचा मूळ प्रश्न मात्र जोलिएटच्या काळापासून तसाच आहे. प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना चार वर्षांची पदवी हवी असते. त्यांच्यातले जेमतेम एक तृतीयांश विद्यापीठापर्यंत पोहोचतात, आणि सहा वर्षांत ती पदवी मिळवणारे सुमारे १६ टक्केच असतात. विद्यापीठात जाताना आधी मिळवलेले श्रेयांक अनेकदा मान्य होत नाहीत. ते मान्य करायचे की नाही, हा अधिकार विद्यापीठाकडे असतो, त्यामुळे कम्युनिटी कॉलेजने आपल्या घरात कितीही सुधारणा केल्या तरी विद्यार्थ्याच्या वाटेचा हा शेवटचा भाग कॉलेजच्या हाताबाहेरच राहतो.