सहाराच्या पावसाचा हिशेब समुद्रतळाशी

१८३२ साली बीगल जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या केप व्हर्द बेटांजवळ पोचलं, तेव्हा तिथली हवा तपकिरी धुळीनं धुरकट झाली होती. चार्ल्स डार्विननं त्या धुळीची पुडी जपून ठेवली आणि १८४६ मध्ये तिच्यावर निबंधही लिहिला. आफ्रिकेतून उडणारी ही धूळ समुद्रात पडून हजारो वर्षं तळाशी साचत आली आहे. लांब नळी तळात घुसवली की त्या चिखलाचा उभा गाभा हाती येतो. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. सूक्ष्मजीवांच्या कवचांतला कार्बन-१४ मोजून सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतचं वय कळतं.

पण त्याच चिखलात नद्यांचा गाळही असतो. धूळ कोरड्या काळाची साक्ष देते, गाळ पावसाची, आणि दोन्ही एकाच चिमटीत कालवलेले! म्हणून आधी आम्लानं कवचं विरघळवतात, हायड्रोजन पेरॉक्साइडनं सेंद्रिय भाग काढतात. उरलेल्या खनिज कणांचा आकार लेझरनं मोजतात. इथे अंदाज हमखास चुकतो: सहाराच्या पश्चिम किनाऱ्यासमोर वाऱ्यानं आणलेले कणच जास्त भरड असतात. नदी आपली वाळू मुखाशीच टाकते, खोल पाण्यात पोचतात ते जेमतेम काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण. वारा मात्र त्याहून कितीतरी मोठे कणही उचलून नेतो. किनाऱ्यापासून फार दूर गेलं की धूळही बारीक होते आणि हा नियम कोलमडतो. मग निओडिमियम आणि स्ट्रॉन्शियम या धातूंची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासून कण कुठल्या खडकातला, ते शोधावं लागतं.

याच किनाऱ्यावरच्या मॉरिटानिया देशासमोरच्या गाभ्यांत साधारण १५,००० ते ५,५०० वर्षांपूर्वीच्या थरांमध्ये धूळ एकदम कमी दिसते. पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यामुळे तेव्हा उत्तर गोलार्धातला उन्हाळा आजच्यापेक्षा प्रखर होता. मान्सून उत्तरेकडे सरकला, सहारात तळी आणि गवत होतं. याच किनाऱ्यासमोर समुद्रतळावर एक मोठी घळ आहे, पण जमिनीवर तिला जोडणारी नदी आज नाही. २०१५ मध्ये उपग्रहाच्या रडारनं वाळूखाली गाडलेलं जुनं पात्र दाखवलं आणि हे कोडं बरंचसं सुटलं.

चिखलात धूळ किती टक्के, हा आकडा मला मात्र फसवा वाटतो. कवचं कमी साचली तरी धुळीचं प्रमाण वाढलेलं दिसतं, प्रत्यक्षात धूळ तेवढीच असते. त्यावर तोडगा थोरियम-२३० या किरणोत्सारी समस्थानिकाचा. पाण्यात विरघळलेल्या युरेनियमपासून ते ठरावीक वेगानं तयार होतं आणि कणांना चिकटून तळाशी जातं, त्यामुळे दर वर्षी किती धूळ पडली याचा हिशेब मांडता येतो. एक गुंता तरीही उरतो: धूळ वाढली ती दुष्काळानं, की नुसता वारा जोराचा होता? तो सोडवायला नदीच्या गाळाचा आकडा शेजारी ठेवूनच पाहावं लागतं.