गाडीसाठीचा १२ व्होल्ट टीव्ही की १२ व्होल्ट अ‍ॅडॅप्टरवाला घरचा टीव्ही? बॅटरीला थेट जोडण्याआधी हे बघा

कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, टीव्ही लावायचा म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो, टीव्हीच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय आणि बॅटरीपण १२ व्होल्टची आहे, मग मधला इन्व्हर्टर काढून वायर सरळ बॅटरीला लावली तर काय बिघडतं? कधी काहीच बिघडत नाही आणि कधी टीव्हीचा बोर्ड जळतो. कारण दिसायला सारखे पण आतून वेगळे असे दोन टीव्ही मिळतात आणि दोन्हींवर १२ व्होल्टच छापलेलं असतं.

पहिला म्हणजे घरात वापरायचा छोटा टीव्ही, ज्याला बाहेरून काळा अ‍ॅडॅप्टर असतो. हा अ‍ॅडॅप्टर घरच्या लाइनवरून स्थिर १२ व्होल्ट देतो आणि टीव्हीचं आतलं सर्किट तेवढंच मिळणार असं धरून बनवलेलं असतं. दुसरा खास कॅरव्हॅन, ट्रक, बोटीसाठी बनवलेला, त्याच्या आतच रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) असतो आणि मागच्या स्टिकरवर ९ ते ३२ व्होल्ट अशी काहीतरी रेंज दिलेली असते, किंवा १२/२४ व्होल्ट असं. हा बॅटरीला खुशाल थेट लावा.

आता मुद्दा असा की १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टवर जवळजवळ कधीच नसते. लेड अ‍ॅसिड फुल चार्ज होऊन शांत असेल तेव्हा साधारण १२.७, चार्जिंग चालू असेल तेव्हा १४.४ च्या आसपास, लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर नुसती पडून असतानाही १३.३ आणि चार्जिंगला १४.६ पर्यंत जाते. म्हणजे भर दुपारी सोलर जोरात चाललंय आणि तुम्ही मॅच बघत बसलात तर घरच्या टीव्हीला ठरल्यापेक्षा २० टक्के जास्त व्होल्टेज जातंय. काही टीव्ही वर्षानुवर्षं सहन करतात हे खरं, पण कंपनीने तशी हमी दिलेली नसते. उलट बाजूनेही त्रास आहेच, रात्री बॅटरी उतरलेली असते, त्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि टीव्ही बंद होऊन परत लोगो दाखवायला लागतो.

म्हणून अ‍ॅडॅप्टरवरचं आउटपुट वाचून निर्णय घेऊ नका. तो आकडा अ‍ॅडॅप्टर काय देतो ते सांगतो, टीव्ही काय सोसतो ते नाही. टीव्हीच्या पाठीवर इनपुटची रेंज आहे का बघा, नसेल तर तो घरचा टीव्ही समजूनच चाला.

घरचा टीव्ही आधीच घेतला असेल तरी काळजी नको, मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर टाका, इनपुट १० असो की १४.६, आउटपुट १२ च राहतं. नुसता बक (फक्त व्होल्टेज कमी करणारा) घेऊ नका, त्याला इनपुट आउटपुटपेक्षा थोडं जास्त लागतं, बॅटरी उतरली की तो हात टेकतो. अ‍ॅडॅप्टर ३ अँपिअरचा असेल तर कन्व्हर्टर ५ चा घ्या. आणि अ‍ॅडॅप्टरवर १९ व्होल्ट असेल तर १९ देणारा बूस्ट कन्व्हर्टर लागेल.

इन्व्हर्टर वाईट नाही, मोठ्या टीव्हीला जिथे घरच्या लाइनची वायर सरळ आत जाते तिथे तोच सोपा उपाय आहे, फक्त प्युअर साइन वेव्हचा (घरच्या लाइनसारखीच वीज देणारा) घ्या. पण छोट्या टीव्हीसाठी मला तो पटत नाही. हिशोब बघा, ३० वॉटचा टीव्ही ४ तास चालला की १२० वॉट-अवर झाले, म्हणजे बॅटरीतून साधारण १० अँपिअर-अवर. इन्व्हर्टर काहीही न चालवता १० वॉट खात असेल आणि तो दिवसभर चालूच राहिला तर २४० वॉट-अवर गेले, टीव्हीच्या दुप्पट! वापरायचाच तर टीव्ही बंद केल्यावर इन्व्हर्टरपण बंद करायची सवय लावून घ्या.

वायरकडेही लक्ष द्या. बॅटरीपासून टीव्ही ५ मीटरवर असेल आणि वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची, तर ३ अँपिअरला जाऊन-येऊन जवळपास ०.७ व्होल्ट वायरमध्येच जातात, १.५ ची घातली की ते निम्म्यावर येतं. फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळच बसवा, टीव्हीजवळ नको, कारण वायर मध्येच कुठे घासून शॉर्ट झाली तर ती वाचवायला फ्यूज त्याच्या आधी असला पाहिजे.

शेवटी पिन टीव्हीत घालण्याआधी मल्टीमीटरने मोजा, आतल्या भोकात प्लस आणि बाहेरच्या कड्यावर मायनस असं बहुतेक वेळा असतं पण टीव्हीवरचं चिन्ह बघून खात्री करा, आणि हे एकदा चार्जिंग बंद असताना आणि एकदा चालू असताना मोजा, घरचा टीव्ही असेल तर दोन्ही वेळा आकडा १२ च्या (१९ वाला असेल तर १९ च्या) जवळच राहिला तरच पिन लावा, गाडीसाठीचा असेल तर स्टिकरवरच्या रेंजमध्ये असला की पुरे.