घरगुती ॲक्वापॉनिक्स

माशांच्या टाकीतले पाणी भाजीच्या वाफ्यात सोडायचे, तिथे ते गाळून निघाले की परत टाकीत आणायचे आणि हे चक्र अखंड चालू ठेवून एकाच पाण्यावर मासे आणि भाजी दोन्ही काढायची, या पद्धतीला ॲक्वापॉनिक्स म्हणतात. ॲक्वाकल्चर म्हणजे मत्स्यपालन आणि हायड्रोपॉनिक्स म्हणजे मातीविना शेती, या दोन शब्दांच्या जोडातून हे नाव आले. जुन्या घरांच्या परसात मोरीचे पाणी जिथे जाई तिथे अळू लावलेला असे. वाया जाणाऱ्या पाण्यातले खत झाडाने उचलायचे हे तत्त्व इथेही तेच; फरक इतकाच की अळवातून निथळलेले पाणी इथे पुन्हा मोरीत आणायचे असते, आणि ते आणायला वीज लागते. घरगुती संचात नवखा माणूस फसतो तो बहुधा इथेच. आधी पंप विकत घेतो आणि मग त्याला साजेशी टाकी शोधतो.

मासे जो अमोनिया टाकतात तो मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. तो पाण्यात साठला तर मासे मरतात. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा व नायट्रोबॅक्टर हे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना विषारी असते. नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात सोसते आणि झाडांचे ते आवडते खाद्य आहे. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, खडीच्या पृष्ठभागावर पातळ थर करून राहतात. त्यामुळे ॲक्वापॉनिक्स म्हणजे मासे आणि भाजी एवढेच नव्हे. तिसरे, न दिसणारे पीक जिवाणूंचे, आणि सगळ्यात जास्त जपावे लागते ते त्यालाच.

इतिहास

मेक्सिकोच्या खोऱ्यातल्या, उथळ तळ्यांत भराव घालून केलेल्या चिनांपा बागा किंवा आशियातली भातखाचरातली मासेशेती यांना पूर्वज म्हणण्याची रीत आहे, पण पाणी बंद चक्रात फिरवण्याची आजची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटने मासे आणि भाज्या एकत्र वाढवण्याचे प्रयोग केले. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी माशांचे पाणी वाळूच्या वाफ्यांना देऊन निथळलेले पाणी परत घेण्याची रचना केली. मिझुरीतल्या टॉम आणि पॉला स्पेरॅनिओ या दांपत्याने पुढे वाळूऐवजी खडी वापरली. आजचा घरगुती संच बराचसा त्यांच्याच वळणाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान संचांसाठी सविस्तर तांत्रिक पुस्तिका काढली.

विजेच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखा संच कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉइ बेटावरचा. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला. सुमारे १ लाख १० हजार लीटर पाण्याच्या या संचात पाणी उचलण्यासाठी एकच, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप होता. तो मिनिटाला ३७८ लीटर पाणी सर्वांत खालच्या हौदातून माशांच्या टाक्यांत नेई. तिथून पुढे गाळण्या, तरंगत्या फळ्यांवरची भाजी आणि पुन्हा खालचा हौद हा सगळा प्रवास उतारावर आपोआप होई. पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरांना मात्र दीड आणि एक, अशी अडीच अश्वशक्ती लागे. म्हणजे पाण्यापेक्षा हवेचा खर्च पाचपट. वीज वाचवायची तर नुसता पंप बदलून भागत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

आकार आणि जागा

सुरुवातीला ३०० लीटरची टाकी आणि १ चौरस मीटर क्षेत्राचा, ३० सेंटिमीटर खोल खडीचा वाफा ही जोडी सोयीची. टाकी आणि वाफा यांचे घनफळ सारखे ठेवले की हिशेब सोपा राहतो. पालेभाजीच्या दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य पडावे, असा अन्न व कृषी संघटनेचा ठोकताळा आहे. वाढते मासे वजनाच्या साधारण दीड टक्का खातात असे धरले तर हे खाद्य सुमारे ३ किलो माशांना पुरते. हजार लीटरला १० किलो मासे हे नवख्यासाठी सुरक्षित प्रमाण. त्यानेही ३०० लीटरला ३ किलोच येतात. मासे वाढवण्याचा मोह आवरावा. मासे दुप्पट झाले की हवेची गरज वाढते आणि चुकीला वाव उरत नाही.

३०० लीटर म्हणजे ३०० किलो. खडीचा वाफा पाण्याने भरला की चौरस मीटरला सुमारे साडेपाचशे किलो भरतो. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम १५० किलो आहे. त्यामुळे गच्चीवर, आणि बाल्कनीत तर नक्कीच, स्थापत्य अभियंत्याला विचारल्याशिवाय हा खेळ मांडू नये. अंगण किंवा तळमजल्याची पडवी उत्तम. टाकीवर सावली हवी. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ धरते.

रासायनिक कारखान्यातून आलेले निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण पूर्वी त्यांत काय होते ते कळल्याशिवाय घेऊ नयेत. तांबे, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा पाण्याला लागू देऊ नये. या धातूंचे अंशही माशांना बाधतात. खडीसाठी दख्खनचा काळा दगड निर्धोक आहे. खडीवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे, बुडबुडे आले तर तीत चुनखडी आहे. अशी खडी पाण्याचा सामू (पीएच) चढा ठेवते आणि झाडांना लोह मिळू देत नाही. १० ते २० मिलिमीटरची खडी धुऊन, गढूळपणा जाईपर्यंत धुऊन, मगच भरावी. या कामाला अख्खा दिवस जातो.

पाणी किती उचलायचे

१ लीटर पाणी १ मीटर वर न्यायला ९.८ ज्यूल ऊर्जा लागते. तासाला ६०० लीटर पाणी १ मीटर चढवायचे तर शुद्ध हिशेबाने १.६ वॅट पुरतात. बाजारात सहज मिळणारा कूलरचा पंप याच कामाला १८ ते २० वॅट खातो. बाकीची वीज मोटरीच्या उष्णतेत, लहान पंख्याच्या घुसळणीत आणि अरुंद नळीत जाते. १८ वॅटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला सुमारे १३ युनिट होतात. रक्कम डोळ्यात भरणारी नाही, पण वीज गेली की हाच भार बॅटरीवर येतो, आणि तेव्हा दर वॅटला किंमत असते.

म्हणून रचनेची सुरुवात उंचीपासून करावी. पंप टाकीच्या तळाशी ठेवला म्हणून टाकीची खोली उंचीत धरायची नसते. मोजायचे ते टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून वाफ्यातल्या नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर. वाफा टाकीच्या काठाला लागून जेमतेम वर बसवला तर हे अंतर अर्ध्या मीटरवर येते आणि काम निम्मे होते. कंबरेच्या उंचीचा वाफा खुडणीला सोयीचा खरा, पण त्या सोयीची किंमत पंप रोज मोजतो. गुडघे धड असतील तर वाफा खालीच बरा. आणि पाणी उचलायचे ते एकदाच; परतीचा प्रवास उतारानेच व्हावा.

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे असतात, तासाला किती लीटर आणि किती हेड, म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती उंच चढते. ते दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. पहिला आकडा उंची शून्य असतानाचा आणि दुसरा पाणी नळीच्या तोंडाशी येऊन थबकते तेव्हाचा. आपल्याला हव्या त्या उंचीला किती पाणी पडते ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजावे. नळी अर्ध्या इंचाऐवजी एक इंची घेतली तर तेवढ्याच पाण्याला होणारे घर्षण साधारण तिसाव्या भागावर येते. एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, कमी आणि वळणे मोठी ठेवावीत. पाणी जास्त येते म्हणून व्हॉल्व्ह आवळल्याने वीज फारशी वाचत नाही. जास्तीचे पाणी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून टाकीतच उंचावरून पाडावे, त्याने निदान हवा तरी मिसळते.

खरी बचत करायची तर दोन वाटा आहेत. एक, १२ किंवा २४ व्होल्टवर चालणारा ब्रशविरहित डीसी पंप. ५ वॅटचा असा पंप अर्ध्या मीटर उंचीला बहुधा पुरतो आणि सतत चालूनही महिन्याला ३.६ युनिट घेतो. त्याचा वेग कमी करता येतो, पण जपून: वेग निम्मा केला की लागणारी शक्ती अष्टमांशावर येते, तशीच पाणी चढण्याची उंचीही चतुर्थांशावर येते आणि पाणी वाफ्यापर्यंत पोचतच नाही. दुसरी वाट टायमरची. कूलरचाच पंप तासात १५ मिनिटे चालवला की १३ युनिटांचे सव्वातीन होतात. टायमर असेल तर वाफ्यात उभी नळी बसवून तिच्या बुडाशी लहान भोक पाडावे; पंप चालू असताना वाफा नळीच्या तोंडापर्यंत भरतो, बंद झाला की भोकातून सावकाश रिता होतो. वाफा रिता होताना खडीत हवा खेचली जाते आणि जिवाणूंना प्राणवायू मिळतो.

घंटेच्या आकाराचा सायफन वाफा भरला की तो आपोआप रिता करतो, म्हणजे हेच काम टायमरविना करतो आणि पाहायला गंमत येते. पण तो चालू व्हायला ठरावीक प्रवाह लागतो. कमी पडला तर पाणी नुसते झिरपत राहते आणि सायफन चालूच होत नाही. कमी विजेच्या संचात नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

एक हिशेब अनेकांचा राहून जातो. भरलेल्या वाफ्यातल्या खडीच्या फटींत सुमारे १०० लीटर पाणी मावते. तेवढे पाणी टाकीतून जाणार, म्हणजे टाकीची पातळी दर फेरीला तिसऱ्या हिश्शाने उतरणार. पंप उघडा पडणार नाही आणि माशांना पोहायला पुरेल एवढे पाणी त्यानंतरही उरायला हवे.

हवेच्या बुडबुड्यांनी पाणी उचलणारी नळी, म्हणजे एअरलिफ्ट, एकाच विजेत दोन कामे करते. मात्र जेवढे उचलायचे त्याच्या दुपटी-तिपटीने नळी पाण्याखाली बुडलेली लागते. ६० सेंटिमीटर पाण्यात ती २० सेंटिमीटर जेमतेम उचलते. टाकी आणि वाफा जवळजवळ एका पातळीवर असतील तरच तिचा विचार करावा.

हवा आणि वीजपुरवठा

२० अंशांच्या पाण्यात लीटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. मासे, जिवाणू आणि मुळे तिघेही त्यावरच जगतात आणि तो ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये. विदर्भातल्या उन्हाळ्यात ही मर्यादा पहाटे गाठली जाते, कारण रात्री शेवाळही प्राणवायू घेते. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले तर तो भुकेचा इशारा नव्हे.

भारनियमनात पाणी तासभर थांबले तर भाजीला काही होत नाही. हवा थांबली तर मासे जातात. म्हणून बॅटरी जोडायची ती आधी हवेच्या पंपाला. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. निम्मेच वापरले तरी ५ वॅटचा डीसी हवापंप आठ तास चालतो. सौर पॅनेलवर ५ वॅटचा भार चोवीस तास चालवायला कागदावर ४० वॅटचे पॅनेल पुरते. कोकणातल्या जुलैत दुपटीनेही भागेल याची खात्री नाही, तेव्हा तिथे घरच्या विजेची जोड ठेवावीच. २३० व्होल्टचा पंप पाण्यात असेल तर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

सुरुवात आणि मासे

पाणी भरल्यावर लगेच मासे भरणे ही सगळ्यात महाग चूक. जिवाणूंचा थर बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन दोन दिवस उघडे ठेवून घालवावे, मग मोजके मासे सोडून चिमूटभर खाद्यावर सुरुवात करावी. अमोनिया आणि नायट्राइट आधी चढतात, मग शून्याकडे येतात. हे चाचणी-संचाच्या रंगपट्टीवर पाहावे. घाई म्हणून शेण किंवा गोमूत्र टाकू नये. त्यातले रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर येतात.

नवख्याने गोल्डफिश, कोई किंवा गप्पी यांवर हात बसवावा. गप्पी डासांच्या अळ्या खातात. पालिकांचे आरोग्य विभाग त्यासाठीच ते पाण्यात सोडतात. खायचे मासे हवे असतील तर तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी, गर्दी आणि कमी प्राणवायू सोसते, पण तिच्या पालनाचे परवान्याचे नियम मत्स्यव्यवसाय विभागाकडून आधी समजून घ्यावेत. परदेशी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, पाळायला भारतात बंदी आहे. रोहू-कटल्याला ३०० लीटर म्हणजे तुरुंग.

भाज्यांत पालक, पुदिना, तुळस, लेट्यूस आणि अर्थात अळू लवकर जमतात. टोमॅटो-मिरचीला जास्त खाद्य आणि पोटॅश लागते, त्यांना पहिल्या वर्षी हात लावू नये. कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडली तर लोह कमी आहे. पाण्यात विरघळणारे चिलेटेड लोह लीटरला २ मिलिग्रॅम या मानाने द्यावे. जिवाणूंच्या कामाने सामू हळूहळू उतरतो, तो ६ ते ७ मध्ये राखावा. उतरल्यास चुन्याची निवळी थोडी थोडी, दोन-तीन दिवसांत विभागून. मावा पडला तर पाण्याचा फवारा मारावा किंवा पान खुडावे. कडुनिंबाचे तेल झाडाला सौम्य असले तरी पाण्यात उतरून माशांना बाधते.

रोज १ ते ३ टक्के पाणी उडते ते भरून काढावे, पंपाची जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. जाळी तुंबली की प्रवाह घटतो, वाफा अर्धवट भरतो आणि दोष पंपाला दिला जातो. नवा पंप आणण्याआधी जुन्याची जाळी काढून पाहावी, तिथे बहुतेक वेळा मुळांचा गुंता सापडतो.