रोहिणी : एका तांबड्या ताऱ्याचे नाव

रोहिणी या नावाचा अर्थ विचारला, तर बहुतेक वेळा ‘चढत जाणारी’ किंवा ‘वाढणारी’ असे उत्तर मिळते. ‘आरोहण’ या शब्दातला ‘रुह्’ धातू वाढणे, वर चढणे याच अर्थाचा असल्यामुळे ते उत्तर पटण्याजोगेही वाटते. परंतु आकाशातल्या ज्या ताऱ्यावरून हे नाव घराघरांत आले, त्याच्या नावाचा अर्थ तो नव्हे. रोहिणी म्हणजे तांबड्या वर्णाची.

याची साक्ष आधी व्याकरण देते. संस्कृतातील काही रंगवाचक शब्दांचे स्त्रीलिंगी रूप करताना ‘त’च्या जागी ‘न’ येतो आणि शेवटी दीर्घ ‘ई’ लागते, आणि त्यासाठी पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात स्वतंत्र सूत्रच दिले आहे. हरित या शब्दाचे हरिणी होते, तसेच रोहित या शब्दाचे रोहिणी होते. रोहित म्हणजे लाल. तेव्हा एखाद्या घरात भावाचे नाव रोहित आणि बहिणीचे रोहिणी असेल, तर दोघांना एकाच शब्दाची दोन रूपे मिळालेली असतात. ‘रुधिर’ हाही याच कुळातला शब्द आहे. त्यात मूळचा ‘ध’ टिकला आणि रोहितमध्ये त्याचा ‘ह’ झाला. ‘र’चा ‘ल’ होऊन लोहित हा शब्द तयार झाला आणि लोह हा शब्दही, लोखंडाला चिकटण्यापूर्वी, तांबूस धातूचा वाचक होता. तांबड्या रक्तपेशींना वैद्यकात ‘एरिथ्रोसाइट’ म्हणतात. त्यातला ग्रीक ‘एरिथ्रोस’, लॅटिनमधला ‘रुबेर’ आणि इंग्रजीतला ‘रेड’ हे सारे आपल्या रुधिराचेच दूरचे नातेवाईक आहेत.

दुसरी साक्ष प्रत्यक्ष आकाशाची, आणि ती कोणालाही तपासून पाहता येते. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास महाराष्ट्रातून पाहिले, तर रोहिणी जवळजवळ डोक्यावर असते. मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे जोडणारी रेषा एका बाजूला वाढवली की व्याध सापडतो आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी. व्याध पांढराशुभ्र दिसतो, रोहिणी नारिंगी. दुर्बीण मुद्दाम किंचित फोकसबाहेर नेली, तर ताऱ्याचा ठिपका पसरून लहानशी चकती होते आणि तिचा तांबूस रंग अधिकच स्पष्ट दिसतो.

हा रंग ताऱ्याच्या तापमानाचा असतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,770 केल्विन आहे, तर रोहिणीचे सुमारे 3,900. तारा जितका थंड, तितका त्याच्या प्रकाशात तांबड्या बाजूचा वाटा अधिक. रोहिणीचे वस्तुमान सूर्यापेक्षा फार जास्त नाही, मात्र तिच्या गाभ्यातील हायड्रोजन संपला आहे आणि बाहेरचे थर फुगत जाऊन तिचा व्यास सूर्याच्या सुमारे 45 पट झाला आहे. पृष्ठभाग एवढा विस्तारल्यामुळे तो थंडावला, आणि थंडावल्यामुळे तांबडा झाला. ज्यांनी तिला रोहिणी म्हटले, त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी रंग मात्र अचूक टिपला.

रोहिणीभोवती इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दिसणाऱ्या ताऱ्यांना आपल्या परंपरेत रोहिणीशकट, म्हणजे रोहिणीचा गाडा, म्हणतात. रोहिणी त्या गाड्यात बसलेली दिसते खरी, पण ते तारे सुमारे 150 प्रकाशवर्षे दूर आहेत आणि रोहिणी केवळ 65. ती त्यांच्या पुष्कळ अलीकडे आहे. अरबांनी याच ताऱ्याला अल्देबरान, म्हणजे ‘मागून येणारा’, असे नाव दिले, कारण तो कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो. त्यांनी ताऱ्याची जागा पाहिली, आपल्याकडे रंग पाहिला गेला, आणि मला आपले नाव अधिक जवळचे वाटते.

सत्तावीस पत्नींपैकी चंद्राचा जीव रोहिणीवरच जडला होता, ही पुराणकथा सर्वांच्या परिचयाची आहे. आकाशात ही जवळीक खरोखर दिसते. रोहिणी चंद्राच्या मार्गालगत आहे आणि तो मार्ग सुमारे 18.6 वर्षांच्या चक्रात थोडा वरखाली सरकत असल्यामुळे, प्रत्येक चक्रात काही वर्षे चंद्र दर महिन्याला पृथ्वीवरच्या कोठल्या ना कोठल्या प्रदेशातून पाहताना रोहिणीला पूर्ण झाकतो. यालाच पिधान म्हणतात. अशी मागची मालिका 2015 ते 2018 या काळात झाली आणि पुढची 2033 मध्ये सुरू होईल. चंद्राच्या कडेआड जाताना बहुतेक तारे डोळ्यांना दिवा मालवल्यासारखे एकदम नाहीसे होतात. रोहिणीची चकती मोठी असल्यामुळे तिचा प्रकाश मावळायला सेकंदाचे काही शतांश लागतात. वेगवान उपकरणांनी तेवढा क्षण नोंदवून खगोलशास्त्रज्ञांनी तिच्या चकतीची रुंदी मोजली आहे.