गेंटमधली फ्रेंच-लॅटिन पदवी : पार्श्वभूमी

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात फ्रेंच आणि लॅटिन अशी जोडी घेऊन एम. ए. करता येतं. एक बोलती भाषा, एक ग्रंथातली. यांची सांगड कशी, असं अनेकांना वाटतं. फ्रेंच लॅटिनमधूनच जन्मली, म्हणून मला नवल वाटतं ते या दोघींची इतकी वर्षं ताटातूट झाली याचं.

फ्रेंचचा सर्वांत जुना सलग मजकूर म्हणजे ८४२ सालच्या स्ट्रासबुर्गच्या शपथा. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी तिसऱ्या भावाविरुद्ध हातमिळवणी केली आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या सैन्याला कळेल अशा बोलीत शपथ घेतली : एकाने जुन्या फ्रेंचमध्ये, दुसऱ्याने जुन्या जर्मनमध्ये. त्या काळचा इतिहासकार निथार्ड याने हा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला, पण शपथा मात्र बोलीत तशाच ठेवल्या. फ्रेंच शपथेची सुरुवातच पाहा : 'प्रो देओ अमुर', देवाच्या प्रेमासाठी. शुद्ध लॅटिनमध्ये हे 'प्रो देई आमोरे' झालं असतं. विभक्तिप्रत्यय झिजताना इथे डोळ्यांना दिसतात.

पुढे विद्वानांनी लॅटिनमधून शब्द पुन्हा उचलले. 'फ्रागिलिस' (नाजूक) या शब्दापासून तोंडातोंडी झिजून 'फ्रेल' झाला होता, तरी पोथीतून 'फ्राजिल' वेगळा आला. आपल्याकडे 'हात' आणि 'हस्त' नांदतात, तसंच हे. तद्भव-तत्सम शाळेत शिकलेल्या मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही.

गेंटमध्ये तर या दोन्ही भाषा आधी शिकवण्याचं माध्यम होत्या. बेल्जियम तेव्हा नेदरलँड्सच्या राज्यात होता; तिथला राजा विलेम पहिला याने १८१७ मध्ये विद्यापीठ स्थापन केलं, तेव्हा व्याख्यानं लॅटिनमध्ये होत. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला आणि फ्रेंच आली. गेंट ज्यात येतं त्या फ्लँडर्सच्या, म्हणजे बेल्जियमच्या उत्तर भागाच्या, सामान्य घरांत मात्र डच बोली, त्यामुळे स्वभाषेतल्या विद्यापीठासाठी मोठा लढा झाला. पहिल्या महायुद्धात जर्मन अंमलाखाली १९१६ मध्ये डच माध्यम आलं आणि युद्धाबरोबर गेलं. लादलेलं म्हणून त्याने चळवळीची बदनामीच जास्त केली. अखेर १९३० मध्ये विद्यापीठ डच झालं. ही मागणी न्याय्यच होती.

फ्रेंच आणि लॅटिन आता अभ्यासविषय म्हणून उरल्या, त्याही वेगवेगळ्या दालनांत. फ्रेंच रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांच्या शाखेत गेली, लॅटिन ग्रीकच्या शेजारी बसली. युरोपभरच्या पदव्या एकसारख्या करणाऱ्या बोलोन्या कराराला धरून २००४ च्या सुमारास फ्लँडर्समध्ये बी. ए.-एम. ए. अशी रचना आली, तेव्हा दोन भाषा निवडण्याची मुभा मिळाली आणि मधली भिंत पडली. ही जोडी घेणाऱ्याला निथार्डचं पान जवळजवळ अख्खं वाचता येतं : फ्रेंच शपथही, आणि तिच्याभोवतीचं लॅटिनही.