चालीत अडकलेले शब्द

फ्रेंच शिकणाऱ्याने प्रेमाची आणि विरहाची गाणी आवर्जून ऐकावीत, असे मला मनापासून वाटते. ‘पार्तीर’ म्हणजे निघून जाणे, ‘रव्हनीर’ म्हणजे परत येणे, ‘उब्लिये’ म्हणजे विसरणे. ही रोजच्या बोलण्यातली क्रियापदे या गाण्यांत ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या तोंडी निरनिराळ्या काळांत सतत येत राहतात. बेल्जियन गायक झाक ब्रेल यांच्या १९५९ सालच्या ‘न म कित पा’, म्हणजे ‘मला सोडून जाऊ नकोस’, या गाण्याच्या ध्रुवपदातच नकारार्थी आज्ञार्थ आहे आणि पुढे प्रियकर वचनांमागून वचने देतो, तेव्हा भविष्यकाळाची रूपे आपोआप कानावर पडतात.

गाऊन शिकल्याने शब्द अधिक टिकतात का, हे एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी साठ प्रौढांवर तपासले. हंगेरियन भाषेतील छोटी वाक्ये पंधरा मिनिटांत शिकायची होती. एका गटाने ती नुसती बोलून, दुसऱ्याने तालात म्हणून आणि तिसऱ्याने गाऊन घोकली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, विशेषतः हंगेरियन वाक्ये स्वतः उच्चारण्याच्या चाचण्यांत, गाणारा गट सरस ठरला. मात्र चाल स्वतःच अनोळखी असेल तर तिचा आधार मिळत नाही. संशोधक वांडा वॉलेस यांच्या १९९४ सालच्या प्रयोगांत, एकाच चालीत अनेक कडवी ऐकल्यावर मजकूर बोलून ऐकवण्यापेक्षा चांगला आठवला, पण एकच कडवे ऐकवले तेव्हा हा फायदा दिसला नाही. म्हणून दहा गाणी एकेकदा ऐकण्यापेक्षा एकच गाणे पाठ होईपर्यंत गाणे अधिक उपयोगी पडावे.

गाण्यातला उच्चार मात्र जसाच्या तसा बोलण्यात आणता येत नाही. ब्रेल ध्रुवपदाची ओळ ‘न-म-कि-त-पा’ अशी पाच अक्षरांत गातात. रोजच्या भरभर बोलण्यात ‘कित’मधला शेवटचा ‘अ’सारखा स्वर ऐकूच येत नाही आणि नकाराचा पहिला ‘न’ही बहुधा गळतो. शिवाय चाल शब्दांना ठरलेल्या क्रमाने धरून ठेवते, त्यामुळे मधलाच एखादा शब्द हवा असला की अख्खी ओळ मनात गुणगुणावी लागते. यावर उपाय म्हणजे गाणे पाठ झाल्यावर त्यातली क्रियापदे सुटी काढून, चाल बाजूला ठेवून, त्यांची नवी वाक्ये न बघता म्हणून पाहणे: ‘मी उद्या निघेन’, ‘ती काल परत आली’, ‘किल्ली विसरू नकोस’.