ब्लॅक होल काळं, मग एक्स-रेचा एवढा झगमगाट कुठून?

ब्लॅक होलमधून प्रकाशसुद्धा सुटत नाही हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, मग आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी एक्स-रे स्रोतांमध्ये ब्लॅक होल कसे काय? तर ते एक्स-रे आतून येतच नाहीत, आत पडायच्या आधी भोवती घिरट्या घालणाऱ्या गॅसमधून येतात.

हंस तारकासमूहातला सिग्नस एक्स-1 हा एक्स-रे स्रोत घ्या, साधारण 7200 प्रकाशवर्षं लांब. एक्स-रे आपल्या वातावरणातच शोषले जातात, जमिनीवर कितीही मोठा टेलिस्कोप लावा, काही उपयोग नाही, म्हणून 1964 मध्ये रॉकेटवरून डिटेक्टर वर पाठवले तेव्हा कुठे हा सापडला. 1970 मध्ये एक्स-रे टिपणारा उहुरू सॅटेलाइट गेला आणि लक्षात आलं की याचे एक्स-रे सेकंदाच्याही छोट्याशा भागात कमीजास्त होतात, पुढे तर मिलिसेकंदांतले चढउतार दिसले. मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं! प्रकाश एका मिलिसेकंदात 300 किलोमीटर जातो, म्हणजे जे इतक्या झटकन लुकलुकतं ते त्याहून फार मोठं असूच शकत नाही. आणि एवढ्याशा जागेतून सूर्याच्या हजारो पट ऊर्जा!

1971 च्या सुमारास लुईस वेबस्टर आणि पॉल मर्डिन या खगोलशास्त्रज्ञांनी, आणि स्वतंत्रपणे टॉम बोल्टन यांनी दाखवलं की तिथला एक निळा महाकाय तारा 5.6 दिवसांत कुठल्यातरी न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती फिरतोय. 2021 च्या मोजणीनुसार त्या जोडीदाराचं वस्तुमान 21 सूर्यांएवढं आहे. एवढं जड, एवढं छोटं आणि तरी न दिसणारं, म्हणजे ब्लॅक होलच.

हा जोडीदारही एकेकाळी अवजड ताराच होता. असे तारे इंधन भराभर जाळतात, काही दशलक्ष वर्षांत संपतात आणि गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो, त्याचंच ब्लॅक होल झालं. शेजारचा निळा तारा सतत जोरदार वारा सोडतो, त्यातला काही गॅस ब्लॅक होल ओढून घेतं, पण तो सरळ आत जात नाही, फिरत फिरत त्याची तबकडी होते, थर एकमेकांवर घासतात, तापमान लाखो अंशांवर जातं आणि मग एक्स-रे. सूर्यात चालतं तसं हायड्रोजनच्या फ्यूजनमधून, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र येण्यातून, वस्तुमानाचा जेमतेम 0.7 टक्के भाग ऊर्जा होतो, इथे साधारण 6 टक्के आणि ब्लॅक होल जोरात स्वतःभोवती फिरत असेल तर 40 टक्क्यांपर्यंत.

शेजारी ताराच नसेल तर मात्र यातलं काहीच नाही. 2022 मध्ये हबल टेलिस्कोपच्या मदतीने एक एकटं ब्लॅक होल सापडलं, तेही त्याने मागच्या ताऱ्याचा प्रकाश वाकवला म्हणून.